नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताना आधी पाणी बघा

नाशिकहून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा येऊन मिळते. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. उद्देश शेतीच्या पाण्याचा होता. इथून निघणाऱ्या कालव्यांवर पुढच्या कोपरगाव-राहात्यापर्यंतची पिकं उभी राहिली. पण बंधाऱ्यामागे पाण्याबरोबर दरवर्षी गाळही येत राहिला. बेटं तयार झाली, पाणकणीस हे काठावरचं उंच पाणगवत वाढलं, फुगवटा, म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी, उथळ होत गेला. साठवणीच्या दृष्टीने हा तोटाच, पण पक्ष्यांसाठी असा उथळ, गाळाने समृद्ध जलाशय म्हणजे भरलेलं ताट. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य झाला आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्याचं नाव जाहीर झालं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ जागा. 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे तिचं जुनं बिरुद आहेच.

तरीही नाशिकहून जाऊन आलेली कितीतरी माणसं सांगतात, "गेलो होतो, पण फार काही दिसलं नाही." बहुतेक वेळा ही मंडळी महिना बघून गेलेली असतात, पाणी बघून नव्हे. डिसेंबर आहे म्हणजे पक्षी असणारच, हे खरं. पण ते कुठे असतील, किती जवळ दिसतील आणि त्यात बदकं जास्त की चिखलपक्षी जास्त, हे त्या दिवशीची पाण्याची पातळी ठरवते.

निघण्याआधी एक फोन

बंधाऱ्यातली पातळी निसर्गाच्या नव्हे, पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकाने हलते. वर दारणा, गंगापूर ही धरणं आहेत. तिथून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं की फुगवटा भरतो. खाली कालव्यांना पाणी गेलं की उतरतो. दोन आठवड्यांच्या अंतराने गेलात तर तोच किनारा ओळखू येणार नाही इतका फरक पडू शकतो.

म्हणून निघण्याआधी काठावरच्या चापडगावच्या एखाद्या गाइडला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला एवढंच विचारा: पाणी चढलंय की उतरलंय? चिखल उघडा आहे का? चापडगावातली स्थानिक तरुण मुलं इथे गाइड म्हणून काम करतात आणि त्यांना हे रोज माहीत असतं. पाणी चढलेलं असेल तर बदकं, वारकरी पक्षी, पाणकावळे भरपूर दिसतील, पण लांब. चिखलात चरणारे छोटे पक्षी तेव्हा आसपासच्या शेततळ्यांकडे आणि ओल्या शेतांकडे पांगलेले असतात. पाणी नुकतंच उतरलेलं असेल तर मात्र सगळी कामं बाजूला ठेवून जा. उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी वर येतात आणि पहिल्या काही दिवसांत तिथे पक्ष्यांची झुंबड उडते.

जायचं कसं, केव्हा, काय घेऊन

छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरीपर्यंत जायचं, तिथून सायखेड्याला गोदावरी ओलांडायची आणि भेंडाळी, म्हाळसाकोऱ्याच्या बाजूने खानगाव थडी, चापडगाव गाठायचं. तासभर ते सव्वा तास पुरे होतो. रेल्वेने येणाऱ्यांना निफाड स्थानक जवळचं, पण पुढचं वाहन आधी ठरवून ठेवलेलं बरं. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटेही या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही, तेव्हा वेगाला आवर घाला.

जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. नाशिक साडेपाचला सोडलं तर उजाडता उजाडता काठावर असाल. निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका. राज्यातलं नीचांकी तापमान अनेकदा इथेच नोंदलं जातं आणि पाण्याकाठी वारा असला तर बोटं दुर्बिणीवर टिकत नाहीत. कानटोपी, हातमोजे आणि चिखलात चालतील असे बूट हवेतच. कपडे खाकी, मातकट, गडद हिरवे. पांढरा शर्ट लांबूनही उठून दिसतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं पाण्यावर आठ-साडेआठपर्यंत रेंगाळू शकतं. तोवर घाई करू नका, जवळच्या पाणकणसाकडे आणि बांधाकडे लक्ष द्या. दाट धुक्यात कानही खूप काही सांगतात.

दुर्बीण विकत घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवख्यांना १०×५० चा मोह होतो. पण जास्त पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि एका नजरेत दिसणारा पट्टा लहान होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडतच नाही. लांबच्या बदकांसाठी खरं काम स्पॉटिंग स्कोप करतो. तो स्वतः घ्यायची घाई नको, गाइडकडे असेल तर त्याच्यातून बघा. गाइडचे पैसे वाचवू नयेत हे माझं ठाम मत आहे. ज्या गावांच्या काठावर हे पक्षी राहतात, त्या गावांना पक्ष्यांमुळे चार पैसे मिळाले पाहिजेत.

पक्षी ओळखायला नव्यानेच सुरुवात करत असाल तर आधी काही सकाळी नाशिकमध्येच घालवा. गोदावरीचा सोमेश्वरकडचा काठ आणि गंगापूर धरणाचा फुगवटा यासाठी उत्तम. खंड्या, वंचक, टिटवी, पाणकावळा, टिबुकली, धोबी, शेकाट्या हे रोजचे पक्षी बिनचूक ओळखता यायला लागले की नांदूर मध्यमेश्वरला हजारो पक्षी समोर आल्यावर गोंधळ होत नाही.

काठावर पोचल्यावर

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढल्याबरोबर दुर्बीण डोळ्याला लावू नका. आधी पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी पाण्याचे पट्टे पाडा: खोल पाणी कुठे आहे, गुडघाभर कुठे, घोट्याएवढं कुठे, उघडा चिखल कुठे, पाणकणीस कुठे. प्रत्येक पक्ष्याच्या पायाची आणि चोचीची लांबी ठरलेली असते, म्हणून त्याचा पट्टाही जवळजवळ ठरलेला असतो. एकदा हे लक्षात आलं की पक्षी शोधावे लागत नाहीत, तिथे बघितलं की ते असतात.

खोल पाण्यात बुडी मारणारे: पाणकावळे, टिबुकल्या, छोटी लालसरी. पाणकावळ्यासारखाच पण सापासारखी मान पाण्याबाहेर काढून पोहणारा असेल तर तो तिरंदाज. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी खोल आणि मध्यम पाण्यात थव्याने असतात.

गुडघाभर पाण्याचा पट्टा सगळ्यात श्रीमंत. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून खाणारी बदकं इथे, आणि उंच पायांचे पक्षीही इथेच. चित्रबलाक चोच उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मासा लागताच मिटतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये मिटल्यावरही फट राहते. गोगलगायी फोडून खाण्याचं ते हत्यार आहे. चमचा चपटी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत पुढे सरकतो. त्याची ती लय एकदा बघितली की तो कितीही लांबून ओळखता येतो. पांढरा शराटी, मोर शराटी हेही याच भागात. रोहित पक्ष्यांचं म्हणाल तर काही वर्षी थोडे येतात, काही वर्षी नाही. केवळ त्यांच्यासाठी येणार असाल तर निराशा होऊ शकते.

घोट्याएवढ्या पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे. त्याच्याही अलीकडे ओल्या चिखलात तुतारी, छोटे चिखले, पिवळा धोबी. हे छोटे पक्षी ओळखणं सगळ्यात अवघड आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाचं नाव कळलंच पाहिजे असा हट्ट धरू नये. चालताना शेपूट सतत वर-खाली हलवतोय का, चोच सरळ की वाकडी, उडताना पाठीवर पांढरं दिसतं का, एवढं टिपून ठेवा.

पाणकणसाच्या कडेला थोडा वेळ निश्चल थांबा. जांभळी पाणकोंबडी लाल चोच आणि लांब बोटं घेऊन बाहेर येते, देठ पायात धरून सोलून खाते. तिच्या मागे कधी जांभळा बगळाही असतो, पण तो इतका स्थिर उभा राहतो की हलल्याशिवाय दिसत नाही. थंडीत चिखलाच्या कडेला झुडपाखाली शेपूट उडवत फिरणारा छोटा पक्षी दिसला तर त्याचा गळा बघा: निळा आणि मध्ये तांबूस ठिपका असेल तर तो शंकर, सैबेरियाकडचा पाहुणा.

आणि मधूनच अख्खा जलाशय एकदम उडाला, तर उडणाऱ्यांकडे बघत बसू नका. लगेच पाण्यालगत आणि वर बघा. पंख किंचित वर उचलून, उंच न जाता पाण्यालगत तरंगत येणारा दलदली भोवत्या तिथे असणार. जास्त उंचावर, खालून पांढराफटक दिसणारा आणि हवेत थबकून पायांनी पाण्यात झेप घेणारा असेल तर तो कैकर, मासे हेच त्याचं खाणं.

बदकं ओळखताना

हिवाळ्यात इथली खरी दौलत म्हणजे बदकं, म्हणून त्यांच्यावर थोडं जास्त लिहितो.

आधी चोच बघा, रंग नंतर. थापट्याची चोच फावड्यासारखी पुढे रुंद असते. बरेच थापटे एकत्र गोल फिरत पोहतात. त्या फिरण्याने खालचं खाद्य वर येतं आणि ते पुढच्याच्या मागून गाळत जातात. नराचं डोकं हिरवं, छाती पांढरी, कूस तांबूस. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार आणि नराच्या तपकिरी डोक्यामागून मानेवर पांढरी रेघ उतरते. भिवई बदकाच्या नराला डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. चक्रांग सगळ्यात लहान, तांबूस डोक्यावर हिरवा पट्टा. गडवाल लांबून करडं आणि साधं वाटतं, पण मागचा भाग काळा आणि उडताना पंखात पांढरा चौकोन. नारिंगी अंगाचं, फिक्या डोक्याचं, जोडीने काठावर बसलेलं असेल तर चक्रवाक.

हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि नराच्या चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके. नवख्यांनी याच्यापासूनच सुरुवात करावी, कारण बाकीच्यांचा आकार मोजायला हे माप उपयोगी पडतं: हळदी-कुंकूपेक्षा लहान की मोठं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली बदकं ओळखता येईनात तर त्यात तुमचा दोष नाही. वीण संपल्यावर नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ माद्यांसारखेच मातकट दिसतात. डिसेंबरपर्यंत नव्या पिसांचा रंग चढतो. तेव्हा बदकं शिकायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी. माद्या मात्र कायमच मातकट, त्यांना चोचीवरून आणि उडताना पंखातल्या चमकदार पट्ट्यावरून ओळखायचं. आणखी एक सोपा उपाय म्हणजे ती कोणत्या नराच्या जवळ पोहतेय ते बघणं.

वर्षभरात काय बदलतं

पाहुण्यांमध्ये भिवई बदक फार लवकर येतं, पावसाळा संपायच्या आतच. त्याच्या आगेमागे तुतारी आणि धोबी. ऑक्टोबरअखेरीपासून थवे वाढायला लागतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. मध्य आशिया आणि सैबेरियातून येणारे हे पक्षी मध्य आशियाई मार्गाने उतरतात. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. काही वर्षी कांड्या करकोचेही आसपासच्या हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतांत दिसतात; ते पाण्यात कमी आणि रानात जास्त, म्हणून येता-जाता शेतांकडेही लक्ष असू द्या.

मार्चमध्ये परतीचा प्रवास सुरू होतो. बहुतेक लोक इथेच येणं थांबवतात, हे मला पटत नाही. मार्च ते मे मध्ये पाणी आटून उरलेल्या पट्ट्यात पक्षी दाटतात आणि जवळून दिसतात. नदी सुरय, छोटा आर्ली, टिटवी असे पक्षी उघड्या वाळूवर, बेटांवर अंडी घालतात. ही अंडी दगडगोट्यांत अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात बेटांवर आणि कोरड्या पात्रात अजिबात उतरू नका. डोक्यावर एखादी टिटवी किंवा सुरय आरडाओरडा करत घिरट्या घालत असेल तर घरटं जवळ आहे, मागे फिरा. याच दिवसांत अवेळी आवर्तन आलं तर अशी घरटी पाण्याखाली जातात.

पावसाळ्याची सकाळ वेगळीच. कमळपक्ष्यांची वीण चालू असते. अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं हे काम त्यांच्यात नर करतो. पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबतात. जूनमध्ये चातक आफ्रिकेहून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येतो. मात्र नाशिकला जोराचा पाऊस असेल आणि गंगापूर-दारणेतून विसर्ग सुरू असेल तर इकडे फिरकू नका. गोदावरीच्या पुरात सायखेडा, चांदोरी ही गावंच पाण्याखाली जातात, तुमची गाडी तर सोडाच.

लोकांशी आणि जागेशी वागणं

काठापर्यंत जाणारी वाट बहुतेक वेळा कोणाच्या तरी बांधावरून जाते. विचारून जा, द्राक्षबागेत शिरू नका, फाटक होतं तसं लावून घ्या. फुगवटा उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे गाळावरची पेरणी, केलेली असते, तीही कोणाची तरी मेहनत आहे. उसाच्या कडेने पहाटे किंवा सांजेला एकट्याने फिरू नका. निफाडच्या उसात बिबट्या राहतो, ही ऐकीव गोष्ट नाही. लहान मुलांना पुढे-मागे पळू देऊ नका.

फोटोसाठी थवा उडवणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, ड्रोन उडवणं, हे तिन्ही टाळा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला परतीसाठी चरबी साठवायची असते. दर उठवण्याला तिच्यातला थोडा खर्च होतो आणि शनिवार-रविवारी असे प्रसंग दिवसभर घडत राहतात. पाणी जलपर्णीने झाकलेलं दिसलं तर तेही नोंदवा. वरून येणारं सांडपाणी हे तिचं खत आहे आणि त्यात आपल्या शहराचा वाटा आहे. ती दाटली की खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही आणि बदकांची उघडी जागा जाते.

नोंद ठेवा

वहीत पक्ष्यांची यादी करताना तारीख आणि वेळेबरोबर पाण्याची पातळी लिहा: मनोऱ्यासमोरचा चिखल उघडा आहे का, अमुक बेट दिसतंय का, पाणी कोणत्या झाडाच्या बुंध्याशी आहे. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या की कोणत्या पातळीला कोणता पक्षी कुठे असतो याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो, आणि कुठल्याही पुस्तकात तो या जागेपुरता लिहिलेला नसतो.

मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी एक-एक करून मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा, मग तेवढ्या जागा मोजत जा. शंभरापुढे गेल्यावर शंभराचा गट धरा. एकाच थव्याची मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी आणि मग आकडे जुळवावेत. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर ती अभ्यासकांच्या कामी येते. आवाज ओळखायला मर्लिन अ‍ॅप मदत करतं, पण त्याने सुचवलेलं नाव डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय यादीत घालू नका.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा काळ. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. नवख्यांनी या दोन्ही वेळी जाणत्यांच्या गटासोबत जावं, एका सकाळी जितकं शिकता येतं तितकं एकट्याने महिन्यातही होत नाही.

थव्यात एखाद्या हंसाच्या मानेत रंगीत पट्टी किंवा करकोच्याच्या, चिखलपक्ष्याच्या पायात कडी, झेंडी दिसली तर तिचा रंग, कोणत्या पायात आहे ते आणि तिच्यावरची अक्षरं-आकडे लगेच लिहून घ्या. स्पष्ट नसला तरी फोटो काढा. ठिकाण आणि तारखेसह ही माहिती मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. त्यावरून तो पक्षी कुठे आणि कधी पकडून कडी घातली गेली हे कळू शकतं.